हानी बायका कॅमेऱ्यासाठी नटत नाहीत

व्हॉट्सॲपवर एक फोटो बराच फिरतोय. चीनच्या युनान प्रांतातल्या युआनयांगचा डोंगरी बाजार, निळ्याकाळ्या कपड्यांतल्या बायका आणि खाली मजकूर: 'या सगळ्या हानी बायका. पर्यटक येतात म्हणून पारंपरिक वेष घालून बसतात. हजार वर्षांत या वेषाचा टाकाही बदललेला नाही.' हानी ही तिथली एक डोंगरी जमात. मजकुरातलं एकही विधान टिकत नाही. पर्यटकांचं तर कष्टकरी बायकांवर अन्याय करणारं आहे.

तिथल्या भातखाचरांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं २०१३ साली. शंगत्सुन, लाओमंगचे बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून भरताहेत. काही गावांत बाजाराचा दिवस आजही बारा दिवसांच्या पारंपरिक चक्रावरूनच ठरतो, त्यात प्रत्येक दिवसाला एका प्राण्याचं नाव असतं. पाठीवरच्या टोपलीत भाजी, बदकाची अंडी घेऊन बाई डोंगर उतरते, ती विकायला. तिचे कपडे नीट बघा. सैल विजार गुडघ्यापर्यंत वर सारता येते, कारण खाचरांत जवळपास वर्षभर पाणी असतं. गडद निळीत चिखल लपतो. कमरपट्ट्याची भरतकाम केलेली दोन टोकं मागे लोंबतात, वाकून काम करताना आडोसा होतो. हा कामाचा वेष आहे. काष्टा मारून बाजाराला निघालेल्या आपल्या आजीला 'पर्यटकांसाठी नटलीस' असं कोण म्हणेल?

'सगळ्या हानी' हेही चूक. त्या बाजारात यी, म्याओ, याओ, दाई या इतर जमातींच्या बायकाही येतात. आणि हानींचा तरी एक वेष कुठे आहे? चीनमध्ये त्यांची संख्या सतरा लाखांच्या वर. होंगहे तालुक्यातल्या 'यीचे' नावाच्या हानी गटातल्या बायका पांढरी टोकदार टोपी आणि आखूड चड्डी घालतात, तर युनानच्याच दक्षिणेकडच्या शीश्वांगबान्नातल्या 'आखा' या हानी गटातल्या बायकांच्या डोक्यावर चांदीने मढवलेला शिरपेच असतो.

राहिला न बदललेला टाका. म्यानमार-थायलंडकडच्या आखांच्या जुन्या शिरपेचांवर ब्रिटिश हिंदुस्थानातले चांदीचे रुपये शिवलेले आढळतात. व्यापारातून नाणी आली, ती वेषात शिरली. आता यंत्रावर भरलेल्या पट्ट्या आणि चांदीऐवजी हलक्या धातूची बटणं आली आहेत. तरुण मुली एरवी जीन्समध्ये असतात. सणाला, लग्नाला हाच वेष घालतात, तोही कित्येकदा त्याच बाजारातून तयार घेतलेला.