जंजिरा का पडला नाही आणि फिनलंड नेटोत का गेला

राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होडीत बसलं की कुणीतरी पर्यटक हमखास विचारतो, महाराजांना हा किल्ला का घेता आला नाही? उत्तर ठरलेलं, चारी बाजूंनी समुद्र, उंच तट आणि वर कलालबांगडी तोफ. खरंय, पण ते अर्धंच उत्तर आहे. मी मुरूडचा, आणि गेली काही वर्षं युक्रेन, तैवान, फिलिपिन्सच्या बातम्या वाचताना सारखं वाटतंय की उरलेलं अर्धं उत्तर आपण मराठी माणसांनी तरी नीट समजून घ्यायला हवं, कारण या गोष्टीत बलाढ्य शेजारी आपण होतो.

जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख तो केवढा, पण शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पुढे पेशवे, सगळ्यांना पुरून उरला आणि संस्थान म्हणून १९४८ पर्यंत टिकला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत रस्ताच करायला घेतला होता! तेव्हा नेमकी मुघल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना तिकडे वळावं लागलं. म्हणजे तटबंदीने सिद्दीला वेळ मिळवून दिला, पण वेढा ढिला पडला तो त्याच्या दोस्ताने, म्हणजे मुघलांनी, दुसरीकडे आघाडी उघडली म्हणून. (सिद्दीचं कौतुक करतोय असं कुणी समजू नका, त्याच्या लोकांनी किनाऱ्यावरच्या गावांना जे भोगायला लावलं ते मला माहितीय.)

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान देशाला दोन्ही लागतं. स्वतःची चावायची ताकद आणि असा दोस्त ज्याची माणसं, जहाजं, तोफा संकट यायच्या आधीच तिथे उभी आहेत. नंतर येतो म्हणणारा दोस्त उपयोगाचा नाही.

फिनलंड बघा. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा आत घुसल्या आणि हा छोटासा देश बर्फात साडेतीन महिने लढला. जगभरातून सहानुभूती मिळाली, थोडीफार शस्त्रं, काही स्वयंसेवकही आले, पण कुठल्याही देशाची फौज बाजूला येऊन उभी राहिली नाही आणि मार्च १९४० मध्ये देशाचा साधारण दहावा हिस्सा देऊन तह करावा लागला. तो धडा ते लोक विसरले नाहीत. आज लोकसंख्या साधारण ५६ लाख आणि युद्ध झालं तर २ लाख ८० हजारांची फौज उभी राहते, मागे राखीव माणसं वेगळी, आणि जमिनीखाली ५० हजारांवर निवारे बांधून ठेवलेत. इतकी तयारी असूनही २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा त्यांना कळून चुकलं की एकट्याने भागणार नाही, आणि ४ एप्रिल २०२३ ला ते नेटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीत, गेले. रशियाशी १३०० किलोमीटरच्या वर सीमा असलेला देश हा निर्णय गंमत म्हणून घेत नाही.

आता मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगतो. अर्धवट वचनाची. १९९४ मध्ये युक्रेनने आपल्या जमिनीवरची सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडून द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने सह्या करून सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. २०१४ ला त्याच रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला. मधे एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नेटोने युक्रेन आणि जॉर्जियाला सांगितलं की तुम्ही कधीतरी सदस्य व्हाल, तारीख नाही, संरक्षण नाही, काहीच नाही. चार महिन्यांत जॉर्जियात रशियन रणगाडे. शेजाऱ्याला डिवचायचं पण आणि लहानग्याला उघड्यावर पण सोडायचं, यापेक्षा वाईट धोरण मला माहीत नाही.

उलट एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया तर युक्रेनपेक्षा कितीतरी लहान, एस्टोनियात जेमतेम १३-१४ लाख माणसं, पण २००४ पासून ते नेटोत आहेत आणि २०१७ पासून तिथे अनुक्रमे ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीच्या नेतृत्वाखाली तुकड्या तैनात आहेत. त्या तुकड्या काही रशियाची अख्खी फौज अडवू शकत नाहीत. पण पहिल्याच दिवशी ब्रिटिश, जर्मन सैनिक मारावे लागतील हे मॉस्कोला माहितीय, आणि सगळा वचक त्यातच आहे.

"लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यावं, कशाला उगाच" असं म्हणणारे आपल्याकडे बरेच भेटतात. जुळवून घेणं मला मान्य आहे हो, व्यापार करा, बोलणी करा, पण परवडणाऱ्या अटींवर जुळवून घ्यायलासुद्धा हातात काहीतरी असावं लागतं. युक्रेनकडे नाव घेण्यासारखं आरमार उरलं नव्हतं तरी किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनी १४ एप्रिल २०२२ ला रशियाच्या काळ्या समुद्रातल्या आरमाराचं मुख्य जहाज मॉस्क्वा बुडालं. १६७९ ला खांदेरीवर आपल्या लहान गलबतांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणलं होतं, त्यामुळे कोकणातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

आणि हे लांबचं प्रकरण नाहीये. फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ पासून संरक्षण करार आहे, तरी २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोल या उथळ खडकाळ भागाचा ताबा चीनने घेतला, कारण तेव्हा तिथे फिलिपिन्सचं स्वतःचं असं काही नव्हतं ज्याला चीन घाबरेल. २०१६ ला हेगच्या लवादाने निकाल फिलिपिन्सच्या बाजूने दिला, चीनने तो सरळ झिडकारला. तिथल्या मच्छीमारांच्या बोटींवर चिनी तटरक्षक पाण्याचे फवारे मारतात. परराज्यातले मोठे ट्रॉलर आपल्या जाळ्यांवरून जातात तेव्हा पोटात जो गोळा येतो तो ज्याने अनुभवलाय त्याला त्या मच्छीमारांचं दुःख समजावून सांगायला नको.

जानेवारी २०२२ मध्ये त्याच फिलिपिन्सने आपल्याकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्र घ्यायचा करार केला, साधारण ३७ कोटी ५० लाख डॉलरचा, आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली. किनाऱ्यावरून सुटणारं, २९० किलोमीटरपर्यंत जाणारं, आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाचं. या निर्णयाचा मला मनापासून अभिमान आहे, पण नुसती विक्री करून आपण मोकळे होऊ नये असंही वाटतं. त्यांच्या सैनिकांना प्रशिक्षण, सुटे भाग वेळेवर, आपल्या नौदलाची जहाजं मनिलाला नेमाने जाणं, हे सगळं वर्षानुवर्षं चालू राहायला हवं. आणि उद्या बीजिंगने डोळे वटारले की दिल्लीने सुटे भाग अडवून ठेवायचे नाहीत, हे आत्ताच ठरवून त्यांना तसं सांगायला हवं.