माणसं मोजली म्हणून गड लहान होत नाही

गेला आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय, पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर माणसं मोजून सोडावीत की नाही. मावसभावाचं म्हणणं, महाराजांच्या गडावर जायला परवानगी कसली, २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ते काय आम्हालाच बाहेर ठेवायला? मी काही बोललो की लगेच, "तू तिकडे बीचवर बसून शिकवू नकोस." बीचवर! त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ऑफिस आहे बाबा माझं, रोज मॅक्सी-टॅक्सीत, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, घाम गाळत जातो.

पण आता बोलतोच. फेरीने शेजारच्या टोबॅगो बेटावर गेलं की बेटाच्या कण्यावर मेन रिजचं जंगल लागतं, १७७६ पासून कायद्याने राखीव. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झालेली. आणि राखलं ते काही भक्तीने नाही, मळेवाल्यांना उसासाठी पाऊस हवा होता, झाडं गेली तर पाऊसही जाईल हे सोम जेनिन्स नावाचा ब्रिटिश खासदार लावून धरत होता. ऊस तोडायला गुलाम, दयामाया शून्य, तरी नियम झाला आणि जंगल राहिलं. १९६३ च्या फ्लोरा वादळाने आडवं केलं, पुन्हा वाढलं. आमच्याकडे भक्ती उदंड, आणि बुरुजावर बदामात नावं कोरलेली.

इकडे त्रिनिदादच्या मतुरा किनाऱ्यावर मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, त्या दिवसांत परमिटशिवाय किनाऱ्यावर जाता येत नाही, गाईड सांगेल तेव्हाच बघायचं, फ्लॅश बंद. कोणाची अस्मिता दुखावत नाही. कॅरोनीच्या खारफुटीतला लाल आयबिस इथला राष्ट्रीय पक्षी, तरी लोक चोरून मारून खातात (हे ग्रुपवर सांगितलं नाही), म्हणून २०१८ पासून एक लाख टीटी (इथले डॉलर) दंड आणि दोन वर्षं कैद. आणि आपल्या कासलाही रोजची मर्यादा आहेच की, फुलं काही रुसली नाहीत.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर मुद्दाम टाकली नाही, कारण ती मावसभावाच्या बाजूची आहे. इथल्या वॉटरलू गावाला समुद्रात देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने आधी ते किनाऱ्यावर, साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलं, तर देऊळ पाडलं आणि त्याला तुरुंगात घातलं. मग तो म्हणाला समुद्र तर कोणाचा नाही ना, आणि सायकलवरून सामान वाहून नेत पाण्यात भर घालून देऊळ उभं केलं. तिथे गेलं की माझा नियमांचा सगळा मुद्दा ढेपाळतो.

तिथली माणसं प्रेमाने विचारतात, कुठलं गाव. त्यांचे पणजोबा भारतातून मळ्यांवर मजुरीला जहाजाने आले, १८६६ नंतर आलेले आधी नेल्सन बेटावर उतरले, त्यांची नावं शोधायला लोक अजून जुन्या याद्या चाळतात. त्या याद्यांत माझं कोणी नाही, मी वर्क परमिटवर विमानाने आलेला. सातारा सांगितलं की हसून मान डोलावतात, विषय संपतो. सातारा म्हटल्यावर पुढचे चार प्रश्न विचारणारी माणसं फक्त त्या ग्रुपवर आहेत, मग भांडायला का होईना, इकडे साडेचार वाजता चहा घेताना मी तिथे टाइप करत असतो आणि तिकडे रात्री दोन वाजता मावसभाऊही जागाच असतो. मर्यादा मात्र हवीच.