‘पंखे बदला, आवाज गेला’: एवढं सोपं असतं तर

जुना रॅक सर्व्हर (कंपन्यांत कपाटासारख्या चौकटीत बसवतात तो चपटा संगणक) स्वस्तात मिळतो, घरी येतो, सुरू होतो आणि शेजारचे विचारतात, पिठाची गिरणी टाकली का? मग एक मेसेज हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘कंपनीनं पंखे उगाच दांडगे दिलेले असतात. ते काढून सायलेंट पंखे लावा. तरी आवाज आला तर ५ व्होल्टवर चालवा. निम्मे काढले तरी चालतं, फक्त झाकण उघडं ठेवा. आतून फोम चिकटवा.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं.

बारा डिस्क आणि एक प्रोसेसर मिळून २०० वॅट उष्णता धरू. आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनीच तापावी असं ठरवलं, तर तासाला सुमारे ६५ घनमीटर, म्हणजे ४० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट) आसपास हवा पुरते. नॉक्टुआ कंपनीचा ८० मिलिमीटरचा सायलेंट पंखा, एनएफ-ए८, एकटाच ३२ सीएफएमच्या वर देतो. तीन लावले की शंभरच्या जवळ. हिशेब जमला असं वाटतं आणि इथेच फसगत होते. हा आकडा पंख्यासमोर काहीच नसतानाचा आहे. सर्व्हरमध्ये हवेला डिस्कच्या ट्रेमधल्या बोटभरही नसलेल्या फटींतून आणि बॅकप्लेनच्या (डिस्क मागून जिच्यात खुपसल्या जातात त्या पाटीच्या) अरुंद खाचांतून यावं लागतं. ती ओढायला दाब लागतो. या पंख्याचा जास्तीत जास्त दाब २.३७ मिलिमीटर पाण्याइतका, तोही हवा पूर्ण अडवलेली असताना. भरपूर हवा आणि पूर्ण दाब ही जोडी कुठलाच पंखा एकाच वेळी देत नाही.

मूळ पंखा ३८ मिलिमीटर जाड आणि मिनिटाला सहा-सात हजार फेरे मारणारा असतो, तो या दाबासाठीच. पण त्याला सतत त्या वेगानं फिरवायची गरज नसते. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी, दाब चौथाई, वीज आठवा हिस्सा आणि आवाज ढोबळमानानं १५ डेसिबलनं कमी. पूर्ण वेगात २४ मिलिमीटर दाब देणारा पंखा निम्म्या वेगातही ६ मिलिमीटर देतो, म्हणजे सायलेंट पंख्याच्या कमाल दाबाच्या अडीचपट. म्हणून आधी मूळ पंखाच हळू चालवून बघा. बदलायचाच असेल तर ४यू (रॅकच्या चार मापांइतक्या उंच) पेटीत ८०च्या जागी १२० मिलिमीटरचे तीन जास्त दाबाचे पंखे बसतात. पत्र्याची चौकट करावी लागते आणि कडेच्या फटी टेपनं बुजवाव्या लागतात, नाहीतर हवा डिस्कमधून न येता त्याच फटींतून मागे फिरत राहते.

सायलेंट पंखे लावल्यावर डिस्कच्या आधी बहुधा डिस्क-कंट्रोलरचं (सगळ्या डिस्क ज्याला जोडलेल्या असतात ते) कार्डच गडबडतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. एलएसआयच्या ९२११-८आय सारख्या कार्डाला मिनिटाला २०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर वेगाची हवा हीटसिंकवरून जायला लागते. ती मिळाली नाही की चिप तापते, तीन-चार डिस्क एकदम गायब होतात, चेकसमच्या (साठवलेला डेटा पडताळण्याच्या आकड्यांच्या) चुका दिसतात. माणूस केबल बदलतो, डिस्क बदलतो, आणि डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) मात्र स्वच्छ. उपाय म्हणजे कार्डाच्या हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा केबल टायनं बांधायचा आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलायची.

आता ‘५ व्होल्टवर चालवा’. चार पिनच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम ठेवायचे आणि वेग चौथ्या, पीडब्ल्यूएमच्या तारेवरून कमी करायचा, अशी रचना आहे. पुरवठाच ५ व्होल्ट केला तर फिरता पंखा फिरत राहील, पण वीज जाऊन आल्यावर तो सुरू होईलच असं नाही, त्यातून बेअरिंगमध्ये धूळ असेल तर नाहीच. शिवाय एप्रिल-मेमध्ये वेग वाढवायला वावच उरत नाही. आणि एक: पीडब्ल्यूएमची तार सुटी राहिली तर पंखा पूर्ण वेगानं फिरतो. ‘पंखा बिघडलाय’ म्हणून काढून टाकण्याआधी ती तार तपासा.

आणखी एक तक्रार नेहमीची. नवे पंखे लावले, आणि दर काही सेकंदांनी सर्व्हर किंचाळतो, शांत होतो, पुन्हा किंचाळतो. कारण सरळ आहे. सायलेंट पंखा सहाशे-सातशे फेऱ्यांवर उतरतो, बीएमसीची, म्हणजे पंख्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डावरच्या वेगळ्या चिपची, खालची मर्यादा त्याहून वर असते. बीएमसीला वाटतं पंखा मेला, मग ती सगळे पंखे पूर्ण वेगानं सोडते. फेरे वाढतात, तिचं समाधान होतं, पुन्हा तेच. आयपीएमआयटूल या बीएमसीला हुकूम देणाऱ्या प्रोग्रामनं प्रत्येक पंख्याच्या खालच्या तीन मर्यादा १००, २००, ३०० अशा लावल्या की हे थांबतं.

पण खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. कंट्रोलर कार्डामागच्या डिस्क किती तापल्यात हे बीएमसीला सहसा कळतच नाही, तिचं लक्ष प्रोसेसर आणि बोर्डावर. प्रोसेसर थंड म्हणून ती पंखे हळू करते आणि डिस्क शिजत राहतात. त्यामुळे छोटी स्क्रिप्ट हवीच. सुपरमायक्रोच्या एक्स१०, एक्स११ पिढीच्या बहुतेक बोर्डांवर आधी पंख्यांचा मोड ‘फुल’ करा, मगच वेगाचे टक्के द्या, नाहीतर बीएमसी तुमचा आकडा पुसून टाकते. डिस्कसमोरचे पंखे फॅन-ए, फॅन-बी या जागी आणि प्रोसेसरचा फॅन-१ वर जोडला की दोन्हींचा वेग वेगळा ठेवता येतो. स्क्रिप्टनं दर दोन-तीन मिनिटांनी सगळ्यात गरम डिस्कचं तापमान वाचावं. वाचताना स्मार्टसीटीएलला (हे तापमान वाचणाऱ्या प्रोग्रामला) स्टँडबायचा पर्याय द्या, म्हणजे झोपलेल्या डिस्क उठणार नाहीत. ३० टक्क्यांपासून सुरुवात, लक्ष्याच्या वर प्रत्येक अंशाला ५ टक्के वाढ. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर पंखे शेवटच्या वेगावर अडकतात, म्हणून बाहेर पडताना पुन्हा १०० टक्के करण्याची ओळ विसरू नका. डेलच्या १४व्या पिढीत मात्र नवं फर्मवेअर चढवलं की हा ताबा हातचा जातो.

लक्ष्य किती ठेवायचं? इंटरनेटवरच्या तयार स्क्रिप्टमध्ये बऱ्याचदा ३८ अंशांच्या आसपास असतं. सांगलीत मे महिन्यात दुपारी खोलीच ३८ला पोचते, मग पंखे दिवसभर १०० टक्क्यांवर. उन्हाळ्यात ४५ ठेवा. बहुतेक डिस्कची कंपनीनं दिलेली मर्यादा ६० असते. चाचणी रात्री नको. दुपारी, दार बंद करून, स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून डेटा पडताळण्याचं काम) लावून चार-सहा तास बघा.

‘निम्मे काढा’ यात फायदा जेमतेम ३ डेसिबलचा, कानाला कळेल न कळेल इतकाच. आणि काढलेल्या पंख्याच्या भोकातून गरम हवा उलटी पुढे येते, त्यामुळे उरलेल्यांना जास्त पळावं लागतं. झाकण उघडं ठेवलं तर हवा वरूनच शिरते, डिस्क कोरड्या राहतात. म्हणूनच रिकाम्या खणातही मोकळा ट्रे लावा, नाहीतर हवा तिथूनच शिरते.

फोम शीळ थोडी कमी करतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची १२० हर्ट्झची घरघर त्याला आवरत नाही. ती पत्र्यातून आणि फरशीतून जाते, म्हणून रॅकच्या पायाखाली जाड रबर घाला. फोम हवेच्या वाटेत आला तर उलट आवाज वाढवतो. पुढच्या जाळीचंही तसंच: गाळप हंगामात कारखान्यांची काळी राख, मार्केट यार्डाजवळ हळदीची पूड. पंधरा दिवसांनी जाळी धुतली नाही तर पंखे आपोआप चढत जातात.

‘मग माळ्यावर टाका’ असंही कोणी सुचवतं. पत्र्याखालचा माळा ही घरातली सगळ्यात तापणारी जागा. जिन्याखालची खोली बरी, वर-खाली झडप ठेवून. सांगलीत कृष्णेकाठी तळमजला असेल तर २०१९ आणि २०२१चे पूर आठवून रॅकची जागा ठरवा.

सगळं करूनही बारीक शीळ उरली तर ती पॉवर सप्लायची, त्यातल्या ४० मिलिमीटरच्या पंख्याची. दोनपैकी एक मॉड्यूल काढून भोक झाका, किंवा सुपरमायक्रोचं नावात ‘एसक्यू’ असलेलं शांत मॉड्यूल घ्या. मॉड्यूल उघडून पंखा बदलू नका, आतल्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. आणि सर्व्हर १यू असेल तर वरचं बहुतेक गैरलागू आहे: ४४ मिलिमीटर उंचीत ४० मिलिमीटरचेच पंखे बसतात. तो विका, ४यू घ्या.