खुलासा करतील काय?

अभिनंदन! आपल्या खासदार भाऊंनी दिल्लीतलं प्रश्नांचं काम तुमच्याकडे सोपवलं, म्हणजे तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. (बदल्यांच्या शिफारशी तुमच्याकडे दिल्या नाहीत, म्हणजे पुरता नाही. ते जाऊ द्या.) आता लोकसभेतल्या प्रश्नाखाली सही भाऊंची आणि मजकूर तुमचा. तेव्हा अर्थखात्याला प्रश्न कसा विचारायचा ते शिकून घ्या. अर्थखातं मुद्दाम म्हणतोय. अमुक गाडीला आमच्या स्टेशनात थांबा द्या, हे रेल्वेला कोणीही विचारतं. आयातशुल्क, उपकर, जीएसटी असं काही विचारलं की माणूस अभ्यासू दिसतो, आणि दिसण्यापलीकडे आपल्याला काही नको आहे.

पहिलं पथ्य: मतदाराचा प्रश्न जसाच्या तसा दिल्लीला पाठवू नका. चोपड्याकडचा शेतकरी ऑफिसात येतो, चप्पल दाराबाहेर काढतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि विचारतो, "भाऊ, कापूसना भाव कसाले पडना?" हा प्रश्न फार घातक. त्याला सरळ उत्तर असू शकतं, आणि सरळ उत्तर असलेला प्रश्न विचारला की ते कोणाला तरी द्यावं लागतं. नियमाने प्रश्नाला 150 शब्दांची मर्यादा आहे. ती पुरेपूर वापरा आणि त्या चार शब्दांना असा पोशाख चढवा:

"(अ) देशात कापसाची आयात वाढत असल्याचे सरकारच्या निदर्शनास आले आहे काय, (ब) असल्यास, गेल्या तीन वर्षांचा राज्यनिहाय तपशील काय आहे, (क) कापूस उत्पादकांच्या हितासाठी सरकारने कोणती पावले उचलली आहेत, आणि (ड) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?"

'राज्यनिहाय' तेवढं ठेवाच. परदेशी कापूस उतरतो बंदरात, त्याचा राज्यनिहाय हिशेब कुठून येणार? म्हणूनच मागायचा. आणि 'पावले' विसरू नका. सरकारने पावलं उचललेली असतातच; ती कुठल्या दिशेने, हे (इ) मध्ये येऊ शकतं, पण तोवर आपले शब्द संपलेले असतात. शुल्क माफ करा असं कोणी मागितलं, कोणत्या तारखेला मागितलं आणि फाईल किती दिवसांत हलली, हे मात्र चुकूनही लिहायचं नाही. अशा प्रश्नाने खात्यातली माणसं कामाला लागतात आणि मग भाऊंकडे बघायची त्यांची नजर बदलते.

पत्ताही विचार करून टाका. कापूस पिकतो तो कृषी मंत्रालयाचा. हमीभावाने घेणारं कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. आयात-निर्यातीचं धोरण वाणिज्य मंत्रालयाचं. शुल्क अर्थखात्याचं. चार दारं आहेत, दर अधिवेशनात एक ठोठावलं तरी वर्ष निघून जातं. चुकीच्या दारावर टाकलेला प्रश्न योग्य दाराकडे वळवला जातो, त्या प्रवासातही बरे दिवस जातात.

आता मुहूर्त. ही या विद्येतली सगळ्यात गोड बाजू आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कापसावर 2021 च्या अर्थसंकल्पापासून 11 टक्के आयातशुल्क होतं. 18 ऑगस्ट 2025 ला अधिसूचना निघाली आणि 19 तारखेपासून ते शून्य झालं, 30 सप्टेंबरपर्यंत. यासाठी संसदेला आधी विचारावं लागत नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातलं 25 वं कलम आहे, 'सार्वजनिक हितासाठी' असं लिहिलं की काम होतं. तेव्हा पावसाळी अधिवेशन चालू होतं, पण ते संपलं 21 ऑगस्टला. प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे सरकारला शुल्क काढायला एक रात्र आणि भाऊंना त्याबद्दल विचारायला पंधरा दिवस, त्यातले शिल्लक तीन. पुढे 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी. आपल्याकडे धरणगाव-बोदवडला जिनिंगवाले त्या दिवशी वजनकाट्याची पूजा करून कापूस खरेदीचा मुहूर्त करतात. पेढे वाटले गेले, पहिल्या गाडीला हार पडला. नेमका त्याच दिवशी अमेरिकेचा 50 टक्क्यांचा कर भारतीय मालावर लागू झाला. दुसऱ्या दिवशी, 28 ला, आपल्या सरकारने माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. गणपती दीड दिवसाचाही झाला नव्हता.

हिवाळी अधिवेशन कधी भरलं? 1 डिसेंबरला. तो सोमवार होता, आणि लोकसभेत अर्थखात्याचा वार सोमवारच. म्हणजे सगळं जमून आलं असतं तरी पहिलं उत्तर 1 डिसेंबरला मिळणार. तोवर दिवाळी होऊन गेलेली, उधारीवाल्यांची तोंडं बंद करायला घरातला निम्मा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे दारात आलेल्या व्यापाऱ्याकडे, गेलेला. हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये, लांब धाग्याला. पण महामंडळाच्या केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. व्यापारी मात्र ओल्यालाही नाही म्हणत नाही, फक्त भाव तो सांगतो. अशा वेळी तुम्ही काय करायचं? प्रश्न लावायचाच. 1 डिसेंबरला विचारलेल्या प्रश्नाने कोणाचंही नुकसान होत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तारांकित की अतारांकित, हा निर्णय भाऊंच्या प्रकृतीप्रमाणे घ्या. तारांकिताला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात, मग भाऊंना उठून उपप्रश्न विचारावा लागतो, आणि तो लिहून दिलेला नसतो. दिवसाला असे 20 प्रश्न चिठ्ठ्या टाकून निवडतात. भाऊंचा नंबर लागलाच तरी घाबरू नका. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेच्या यादीत 419 तारांकित प्रश्न होते, त्यातल्या 55 वरच तोंडी उत्तरं होऊ शकली, बाकी वेळ गदारोळात गेला. गदारोळ आपल्या बाजूचा असो की समोरच्या, तो खासदाराचा सच्चा मित्र आहे. तरी धीर होत नसेल तर अतारांकित टाका. दिवसाला 230 घेतात, उत्तर कागदावर येतं, भाऊ त्या वेळी कॅन्टीनमध्ये चहा पीत असले तरी चालतं.

व्यापाऱ्यांनाही विसरू नका, शेतकरी मेळाव्याची सतरंजी तेच पुरवतात. जळगावच्या सराफ बाजारात सोन्यावर प्रश्न विचारलेला फार आवडतो. 23 जुलै 2024 ला शुल्क 15 वरून 6 टक्के झालं, तेव्हा जुन्या दराने माल भरून बसलेले एका दिवसात चेहरा पाडून बसले आणि लग्नघरं पेढे वाटत सुटली. दोघांचाही कैवार एकाच प्रश्नात घेता येतो, '(क) सर्व संबंधित घटकांच्या हितासाठी' असं लिहायचं.

दाळमिलचं प्रकरण थोडं नाजूक. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून बिनशुल्क येत होता, थेट 1 नोव्हेंबर 2025 ला त्यावर 30 टक्के शुल्क बसलं. वाटाणा स्वस्त असला की मिलवाला खूश, हरभरा पेरणारा हवालदिल. (बेसनात काय काय जातं हे शेवभाजी खाणाऱ्याने विचारू नये.) दोघेही मतदार आणि दोघेही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळीच्या पाकिटावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्याला नाही, म्हणून 26 किलोचा कट्टा जन्माला आला. मोठं कुटुंब कट्टा घेतं आणि कर चुकवतं. रोज मजुरी करून एक किलोचं पाकीट नेणारी बाई तो इमानेइतबारे भरते. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, म्हणून विचारू नका. त्याऐवजी 'डाळींवरील कररचनेचे सुसूत्रीकरण' असं काहीतरी विचारा. सुसूत्रीकरण आलं की वाचणारा पुढच्या बातमीकडे वळतो.

एक काळजी मात्र मनापासून सांगतो. प्रश्नाची चिठ्ठी कोण आणून देतो त्याकडे लक्ष ठेवा. 2005 मध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका संस्थेच्या नावाने काही पत्रकार प्रश्नांच्या चिठ्ठ्या आणि पैशांची पाकिटं घेऊन खासदारांकडे फिरले, सोबत कॅमेरा होता. 23 डिसेंबरला संसदेने 11 खासदार घरी पाठवले, त्यातले दोन आपल्या जिल्ह्याचे: एक जळगावचे, एक एरंडोलचे. जिल्ह्याला जागा दोनच होत्या. सुप्रीम कोर्टानेही 2007 मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली, आणि पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत एरंडोल मतदारसंघच नकाशावरून गेला. तेव्हा पाकीट नको. कार्यक्रमाचा मांडव, गणेशोत्सवाची कमान, कॅलेंडरची छपाई, यात कॅमेऱ्याला घेण्यासारखं काही नसतं.

आणि फिरोज गांधींचं नाव या ऑफिसात काढू नका. पंतप्रधानांचा जावई, सत्ताधारी बाकांवरचा माणूस. डिसेंबर 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे का घातले, एवढंच विचारायला उभा राहिला. पण हातात कागद होते. सव्वा कोटीचं प्रकरण, चौकशीला न्यायमूर्ती छागला, आणि फेब्रुवारी 1958 ला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा राजीनामा. आपला प्रश्न इतका गुणकारी ठरला तर भाऊंना पुढचं तिकीट कोण देणार?

उत्तर आलं की ते वाचत बसू नका. 'वेळोवेळी आढावा घेतला जातो', 'असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही', 'प्रश्न उद्भवत नाही', यातलं एक असणार. लगेच बातमी सोडा: 'कापूस उत्पादकांसाठी भाऊंनी संसदेत आवाज उठवला'. अतारांकित प्रश्नात आवाज कुठून आला असं कोणी विचारत नाही. सोबत मागच्या अधिवेशनातला उभं राहिलेला फोटो जोडा, जाकीट तेच असतं. कधी कधी 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर येतं. ते आश्वासन धरतात आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्यासाठी संसदेची वेगळी समिती आहे. तिला पत्र वगैरे लिहू नका. अर्धवट आश्वासनावर पुढच्या वर्षी नवा प्रश्न निघतो, तो कशाला मोडायचा?

पुढच्या अधिवेशनासाठी नवं काही लिहायची गरज नाही, हाच प्रश्न मक्याला लावा. फक्त कॉपी-पेस्ट करताना सगळे शब्द बदलले का ते एकदा बघा. नाहीतर भाऊंच्या नावाने प्रश्न जाईल की, गेल्या तीन वर्षांत मक्याच्या 170 किलोच्या किती गाठी आयात झाल्या. आणि उत्तर येईल, माहिती गोळा केली जात आहे.