'पॅप बिघडली म्हणजे कॅन्सर सुरू' हे खरं नाही, कृपा करून पुढे पाठवू नका

परवा आमच्या बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. 'पॅप टेस्ट बिघडली म्हणजे कॅन्सर सुरू झाला, तुकडा काढू देऊ नका पसरतो, सरळ पिशवी काढून टाका, आणि शहाण्या असाल तर टेस्ट करूच नका.' खाली पंधरा जणींनी हात जोडलेले. आणि नेमका त्याच दिवशी बाजूच्या वहिनींचा रिपोर्ट आलेला, दोन रात्री झोपल्या नाही त्या, सकाळी पोरीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं आणि माझ्या किचनमध्ये येऊन रडल्या. म्हणून लिहून राहिली.

आधी कॅन्सर सुरू झाला हे घ्या. पॅप म्हणजे गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, तोंडाच्या कॅन्सरसाठीची टेस्ट. तिच्यात तिथल्या पेशी ब्रशनं घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, बस. पेशी वेगळ्या दिसायला साधी सूज, इन्फेक्शन, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा एवढंही पुरतं. वहिनींच्या रिपोर्टवर 'अ‍ॅस्कस' होतं, म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या आहेत पण कशामुळे ते पक्कं सांगता येत नाही, आणि बिघडलेल्या रिपोर्टांत सगळ्यात जास्त हेच निघतं. ज्या एचपीव्ही व्हायरसमुळे हा कॅन्सर होतो तो बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो, आणि ज्यांच्यात टिकतो त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर 5 ते 10. ही मधली वर्षं आपल्या हातात यावी म्हणून तर टेस्ट आहे नं! रिपोर्टवर हाय-ग्रेड, म्हणजे पेशी जास्त बदललेल्या, असं लिहिलं असेल तर मात्र टाळाटाळ नको, पुढची तपासणी लवकर करायची.

एचपीव्हीवरून आठवलं, मेसेजखाली एकीनं लिहिलं की हा व्हायरस म्हणजे घरात कोणाचं तरी बाहेर लफडं आहे. हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा होतोच, आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे आज रिपोर्टमध्ये दिसला म्हणून कधी आला, कोणाकडून आला हे कोणीच सांगू शकत नाही. आधीच घाबरलेल्या बाईला वरून नवऱ्याचा संशय नाहीतर स्वतःची लाज कशाला लावता बाप्पा?

तुकडा काढला की पसरतो, हेही चूक. कॉल्पोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीतून करतात त्या तपासणीत, पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, बदललेली जागा पांढरी दिसते आणि तिथूनच बारीकसा तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखं दुखतं, एकदोन दिवस थोडं रक्त जातं. त्यानं काही पसरत नाही, उलट नेमकं काय आहे ते त्याच्यातूनच कळतं.

आणि न तपासता पिशवी काढणं तर धोक्याचंच. कॅन्सरच्या आधीचे बदल असले तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग लीपनं, म्हणजे विजेच्या बारीक तारेनं, काढतात किंवा गोठवून नष्ट करतात, पिशवी जागेवर राहते. आणि आत खरंच कॅन्सर असला तर साधं पिशवीचं ऑपरेशन पुरत नाही, मग सगळी ट्रीटमेंटच अवघड होऊन बसते.

टेस्ट करूच नका म्हणणाऱ्यांनी आपल्याच मराठवाड्यातलं बघावं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये छापून आला. ज्या गटाला फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट दिली तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या टेस्टनं!

भीती वाटणारच, ती चूक नाही. वहिनींना मी एवढंच म्हटलं की रात्री मोबाइलवर शोधत बसू नका, एका कागदावर लिहून काढा: रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय, एचपीव्ही टेस्ट लागेल का, पुढची तारीख कोणती. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर तारखेची वाट पाहायची नाही, लगेच जायचं. कागद त्यांनी फ्रिजवर लावलाय. मंगळवारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मी सोबत जाऊन राहिली, पोरीचा डबा त्या दिवशी माझ्याकडून.