हर्डल्स म्हणजे उरलेल्या पोरींची सोय? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शंभर मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, धावपटू ज्योती याराजी हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप तीन. पॅरिस ऑलिंपिकला सुरुवातीलाच गारद झालेल्या मुलीचं एवढं कौतुक कशाला? हर्डल्स म्हणजे शंभर मीटरमध्ये नंबर न लागणाऱ्या पोरींची सोय. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, ट्रॅकची बोंब, तेव्हा कोकणातल्या आईबापांना असली स्वप्नं दाखवू नयेत, पी. टी. उषा वाळूत धावून घडली, तेवढं पुरे.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तोच जास्त झोंबला. २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या शंभर मीटरचं सुवर्ण कोणी घेतलं? याच ज्योतीनं, ११.५१ सेकंदांत. त्या फायनलला दुती चंद होती, हिमा दास होती. पुढच्या वर्षी बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं हर्डल्सचं सुवर्ण घेतलं आणि वर दोनशे मीटरचं रौप्य. ही काय उरलेली पोर म्हणायची?

उलट वेग नसेल तर हर्डल्स जमतच नाही. पहिला अडथळा १३ मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक असे एकूण दहा, आणि शेवटचे साडेदहा मीटर मोकळे. मधल्या साडेआठ मीटरमध्ये तीनच पावलं टाकायची. चौथं पडलं की पुढच्या अडथळ्यावर भलताच पाय पुढे येतो आणि पोर बिचकते. तुम्ही इतकी वर्षं पी.टी. शिकवलीत, हे बिचकणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. पोर आधी खांदे मागे टाकते, मग पावलं आखडतात, आणि लोक म्हणतात घाबरली. घाबरलेली नसते, तिचं अंतर चुकलेलं असतं.

आता पॅरिस. पात्रता फेरीत १३.१६, रेपेचाजमध्ये, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या फेरीत, १३.१७, आणि तिची स्वतःची सर्वोत्तम वेळ १२.७८. म्हणजे त्या दिवशी कमी पडली, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्या शर्यतीत ऑलिंपिकला उतरलेली ती पहिलीच भारतीय महिला. आणि त्याआधीचं बघा. अनुराधा बिस्वालचा १३.३८चा विक्रम २००२पासून कोणी मोडला नव्हता. ज्योतीनं जानेवारी २०२०मध्ये मूडबिद्रीला १३.०३ नोंदवले, तिथे उत्तेजक चाचणीच झाली नव्हती, म्हणून ते धरले नाहीत. एप्रिल २०२२मध्ये कोळिकोडला १३.०९, पाठचा वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला, चालतो २.० पर्यंत. पुन्हा नाही धरले. शेवटी मे महिन्यात सायप्रसमध्ये १३.२३ आले आणि विक्रम तिच्या नावावर लागला. स्वतःच्याच न धरलेल्या त्या दोन्ही वेळांपेक्षा कमी वेगानं! मला कौतुक वाटतं ते या सव्वादोन वर्षांचं. वडील सुरक्षारक्षक, घरात पैशाचा खडखडाट, आणि धावलेलं कागदावर येत नाही. एखादीनं स्पाइक्स खुंटीला टांगले असते.

वाळूचं म्हणाल तर पय्योळीच्या किनाऱ्यावर उषा धावायच्या हे खरंच, आणि १९८४ला त्यांचं कांस्य एक शतांश सेकंदानं हुकलं हेही. पण ती शर्यत चारशे मीटर हर्डल्सची. तिथे दोन अडथळ्यांत ३५ मीटर मिळतात आणि अडथळा ७६.२ सेंटिमीटरचा असतो. शंभरला साडेआठ मीटर आणि ८३.८ सेंटिमीटर. वाळूनं पायात ताकद येते, दम वाढतो, त्याबद्दल वाद नाही. मात्र पाऊल जमिनीवर टेकून ताबडतोब सुटायला हवं, ते वाळूत रुततं. शिवाय रत्नागिरीजवळची भाट्याची पुळण घ्या किंवा तुमच्याकडची, समुद्राकडे उतार असतोच. एकाच दिशेनं धावत राहिलं तर खालच्या बाजूच्या घोट्याची वाट लागते. आणि ओहोटी शाळेचं वेळापत्रक पाळत नाही. ती रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. आज सकाळी सहाला कडक ओली वाळू मिळाली, तर आठवड्यानं त्याच वेळी तिथे भरती.

ट्रॅकबद्दल निम्मं मान्य. चिपळूणजवळ डेरवणला सिंथेटिक ट्रॅक आहे, पण देवगड-मालवणच्या पोरीला तो रोजचा कसा होणार? त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुली शालेय स्पर्धांत कोल्हापूर विभागात येतात, म्हणजे जिल्हा जिंकला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याशी गाठ. आमच्याकडच्या कितीतरी पोरी खरा अडथळा तिथेच पहिल्यांदा बघतात. तोवर दोन विटांवर ठेवलेली बांबूची काठी!

पण तुम्हीच लिहिलंत की शाळेच्या खोलीत लोखंडी हर्डल्स गंजत पडलेत. ते बाहेर काढायला सांगा ना. पावसाळ्यात सभागृहात चार मांडले तरी पुष्कळ होतं. पळायचं नाही, चालत बाजूनं नुसता मागचा पाय काढायचा, गुडघा काखेपर्यंत. मांडताना एकच बघा, अडथळ्याचे जमिनीवरचे पाय पोर येते त्या बाजूला हवेत. मग धक्का लागला की तो पुढे पडतो. उलटा मांडला तर पडत नाही, पोर पडते, आणि एकदा नडगी सोलली की पुन्हा त्या वाटेला जात नाही. उघडीप मिळाली की मैदानावर फक्की मारून खुणा करायच्या, साडेआठला नाही, सहा-साडेसहा मीटरलाच, आणि उंचीही गुडघ्याच्या आसपास.

कबड्डी, खो-खो सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. खो-खोची पोर पायानं चलाख असते, मला तर तीच आधी हवी.

राहता राहिला तुमच्या सातवीतल्या नातीचा प्रश्न. आत्ताच तिला हर्डलर ठरवून टाकू नका. शंभर धावू दे, लांब उडी मारू दे, खो-खो खेळू दे, आणि आठवड्यातून दोनदा बुटके अडथळे. दोन्ही पायांनी शिकवा. कोणता पाय पुढे टाकायचा ते पुढे तिचं तीच ठरवेल. तिची उंची आणि शाळेचं मैदान सरळ रेषेत किती लांब आहे, एवढं कळवा. अंतरं काढून पाठवतो.