खुलासा : स्मृतिदिन दरवर्षी १७ नोव्हेंबरलाच नसतो

‘रस्ते अपघातांतील बळींचा जागतिक स्मृतिदिन दरवर्षी १७ नोव्हेंबरला असतो’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. हा दिवस नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी पाळतात. २०२४ साली तो १७ तारखेला आला, २०२५ मध्ये १६ला. बहुधा तिथूनच घोळ झाला असावा. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये त्याला मान्यता दिली हे खरं, पण सुरुवात १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रोडपीस’ या संस्थेने केली.

आणि कृपा करून या दिवसाच्या ‘शुभेच्छा’ पाठवू नका. ज्या घरात दाराशी हेल्मेट अजून तसंच टांगलेलं आहे, तिथे तो शब्द फार लागतो. त्या दिवशी लोक मेणबत्ती लावतात, गेलेल्याचं नाव मोठ्याने उच्चारतात. कायमच्या जायबंदी झालेल्यांचाही हा दिवस आहे.